केरी ते हळर्ण, सव्वीस मिनिटं

रमाकांत,

तुझ्या शोकसभेत तुला हेल्मेट घातलं होतं. म्हणजे फोटोत. ओळखपत्रावरचा तो तुझा रागीट चेहरा, जाड काचेचा चष्मा, आणि त्यावर कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेलं लढाऊ वैमानिकाचं हेल्मेट. मागे ढग. दोन्ही खांद्यांतून निघालेले पांढरे पंख. खाली ठळक अक्षरांत, 'आकाशाचा पुत्र आकाशात विलीन'. उभं आयुष्य खाणीच्या काट्यावर बसून टिप्परांची वजनं करणारा माणूस, जन्मात एकदाही विमानात न बसलेला, मोपाला विमानतळ झाला तरी 'माका काय बघूचा हा थय?' म्हणून तिकडे न फिरकलेला, तो म्हणे आकाशाचा पुत्र. मला शिसारी आली. पहिल्या रांगेत बसवलं होतं म्हणून उठून जाता आलं नाही.

मग सरपंच उभे राहिले. म्हणाले, "छातीत कळ आली तरी आमच्या पायलटांनी हातातली दांडी सोडली नाही. आधी विमान सुखरूप खाली आणलं, मगच प्राण सोडले. ह्याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा." आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, रमाकांत! तुझ्या पुतण्यानं तर आदल्याच दिवशी तुझ्या विमानाच्या खोलीचा व्हिडिओ काढून, त्याला सनईचं दुःखी संगीत लावून, सगळ्या गावाला पाठवला होता. बायका डोळ्याला पदर लावून तो एकमेकींना दाखवत होत्या. कुणाला प्रश्न पडला नाही की कसलं विमान? त्यात कोण बसलं होतं, ज्याला सुखरूप आणायचं होतं?

पण त्या टाळ्यांपेक्षा मला जास्त किळस माझी आली, कारण ती गोष्ट त्यांना पुरवली मीच.

आता वाचनालयाच्या चिटणीसांनी तुझ्यावर छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. मला म्हणाले, "गुरुदास, शेवटी तुम्हीच जवळ होता. दोनचार पानं लिहा. प्रेरणादायी असूंदे. शेवटच्या लँडिंगचा प्रसंग जरा सविस्तर येऊंदे." म्हणून लिहायला बसलोय. सविस्तरच लिहितो.

सुरुवात तुझ्या फोनपासून करायला हवी. आपली खाण बंद पडली तेव्हा तुझं निदान निवृत्तीचं वय तरी झालं होतं. मी डिचोलीच्या घरात हात मांडीवर ठेवून बसलो होतो. पंचवीस वर्षं डंपरच्या खाली उताणा पडून काढलेली, आणि एकदम दुरुस्त करायला घरात मिक्सरसुद्धा शिल्लक नाही. बायको शेजाऱ्यांना सांगायची, ह्या माणसाला कुणीतरी कामाला न्या, पगार मी देते. तेव्हा तुझा फोन आला. "गुरुदास, माका एक पेडल करून दी. पायान दाबूचा. पण गाडयेचा नाय, विमानाचा." मी म्हटलं, तुला ऊन लागलंय. तू फोन ठेवून दिलास. तुला थट्टा कळायची नाही, आणि कळली तरी चालायची नाही. पुढल्या शनिवारी मी स्कूटरची दोन ब्रेक-पेडलं आणि डंपरच्या सीटखालची स्प्रिंग घेऊन हळर्णला आलो. त्या दिवसानंतर बुधवार आणि शनिवार माझे राहिले नाहीत.

लाकडं ठेवायच्या खोलीत तू सगळं मांडलं होतंस. तीन जुने पडदे, एक कॉम्प्युटर, आणि त्यात विमान उडवायचा तो कार्यक्रम. त्यात जगातली सगळी विमानं होती. तू एक दिवस जंबो चालवून बघितलंस आणि म्हणालास, "ह्या ऑफिस असा. सगळी बटणां." मग शोधून शोधून तू ते टायगर मॉथ काढलंस. दुपंखी, कापडाचं, डोक्यावर छप्पर नाही, ब्रेक नाहीत, शिकाऊ वैमानिकांना पूर्वी त्यावर बसवत. पुढच्या जागेवर मास्तर, मागच्या जागेवर विद्यार्थी. म्हणून तू दोन कदेलां एकामागे एक ठेवलीस. खुर्च्या म्हणालो की तुला राग यायचा, कदेल म्हणजे कदेल. पुढे मी बसायचं ठरलं, कारण मी यंत्रातला. विमानातलं मला तुझ्याइतकंच समजत होतं, म्हणजे काही नाही. पण छापून आणलेली पानं आधी मी वाचली होती, तेवढ्यानं मी मास्तर.

उघडं विमान, म्हणून समोर टेबलफॅन पाचवर. भर मे महिन्यात तू कानटोपी घालून बसायचास. वारा आणि इंजिनाचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येऊ नये, आणि खऱ्या विमानात बोलायला रबरी नळी असायची म्हणून तू माडांना पाणी घालायची नळी कापून तिच्या दोन टोकांना तेल ओतायची दोन नरसाळी बसवलीस. एकमेकांपासून तीन हातांवर बसलेली दोन म्हातारी माणसं नरसाळ्यात तोंड घालून बोलत होती. 'काँटॅक्ट!' म्हणून तू ओरडलास की शेजारचा कुत्रा भुंकायचा आणि तुझी बायको, माझी वयनी, पडवीतून म्हणायची, "सुटलां एकदाचा विमान." मी हसायचो. तू कधीच हसला नाहीस.

एक गोष्ट मात्र मी विसरणार नाही. एका बुधवारी तू न सांगता विमान डिचोलीकडे वळवलंस. पडद्यावरचं चित्र जुनं होतं, खाण चालू असतानाचं. लाल खड्डे, लाल रस्ते, काट्याजवळ टिप्परांची रांग लागलेली. तू माझ्या वर्कशॉपच्या पत्र्यावर फेऱ्या मारत राहिलास आणि नळीतून म्हणालास, "बघ तुझी शेड. पोटभर बघ. मी धरलंय." मी बघत राहिलो. माझे डोळे भरले ते तुला मागून दिसले नसावेत. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

आता त्या नियमाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. सुरुवातीला तू, विमान चोपडे गावावर असताना, भोंगा वाजवत पाववाला पोदेर आला. तू उठलास, उंडे घेतलेस, त्याच्याशी दोन गोष्टी केल्यास. परत येईस्तोवर विमान चोपड्याच्या शेतात नाक खुपसून पडलेलं. तू एक बटण दाबलंस आणि विमान पुन्हा धावपट्टीवर, पंखा गरगर फिरतोय, जसं काही झालंच नाही. माझं डोकं फिरलं. चालू यंत्र सोडून माणूस उठला की काय होतं ते मी खाणीत बघितलंय. पट्ट्यात सापडलेला हात मी ह्या हातांनी काढलाय. मी तुला तिथेच सांगितलं, यंत्र चालू असताना माणसानं जागेवरून उठायचं नाही. आणि विमान पडलं तर लगेच बटण दाबून उभं करायचं नाही. पडलं म्हणजे कुणीतरी मेलं. तीन दिवस सुतक.

दुसरा कुणी असता तर हसला असता. तू काट्यावरचा माणूस. भरलेल्या टिप्परमधला शेवटचा दगडसुद्धा उतरवायला लावणारा. तू तो नियम माझ्या तोंडून घेतलास आणि माझ्यापेक्षा कडक पाळलास. विमान पडलं की पडद्यांवर पांढरा पंचा, तीन दिवस खोलीला कडी, दाढी नाही. वयनी म्हणाली, "माजो बापूस गेलो तेव्हाय ह्येंनी इतक्या पाळूक नाय." मला गंमत वाटायची. माझं म्हणणं इतक्या श्रद्धेनं पाळणारा माणूस मला घरातसुद्धा मिळाला नव्हता. खरं सांगतो, मला त्याची चटक लागली.

मग तुला लघवीचा त्रास सुरू झाला. अर्ध्या अर्ध्या तासाला उठावं लागे. तू म्हणालास, "मदीच थांबवूचा बटण असा. दाबूया, जावन येवया, परत चालू करूया. विमान पडाचा नाय, कोण मराचा नाय." मी म्हटलं, आभाळात थांबायला स्टँड नाही. तू म्हणालास, "आपण आभाळात नाय असो, गुरुदास. लाकडांच्या खोलयेत असो." किती साधं, खरं बोललास. आणि मी काय केलं? कीबोर्डावरचं ते थांबवायचं बटण स्क्रू-ड्रायव्हरनं उपटून खिशात घातलं. तू बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिलास. "बरा," एवढंच म्हणालास. त्यानंतर उडायच्या आधी तू सकाळपासून पाणी प्यायचं बंद केलंस. हा वाद आपण संपवला नाही. मी जिंकलो असं मी समजून बसलो.

आणि तुझी परीक्षा. ती कल्पनाही माझीच. हळर्णच्या सड्यावर तू कॉम्प्युटरवर स्वतःची मातीची धावपट्टी काढली होतीस. तिथून उडायचं, नदी धरून चोपड्यापर्यंत, मग किनाऱ्यानं मोरजी, हरमल, केरी, तिराकोलच्या किल्ल्यावरून वळून जमिनीवरून परत, आणि आपल्याच पट्टीवर उतरायचं. माझ्यापुढेही तुझ्यासारखीच दांडी होती. 'घेतलंय' म्हणून मी ती धरली की विमान माझं. परीक्षेत मी ती धरायची नाही. चार वेळा तू नापास झालास, चारही वेळा उतरताना. ह्या विमानाला वेग मारायची सोय नाही. उंच आलं तर त्याला कुशीवर तिरकं घालून खाली आणावं लागतं. तुला ते पटायचं नाही. "वाकडा घालून उतरूक माका जमाचा नाय. सरळ येवया." सरळ यायचास आणि पट्टीच्या पलीकडे काजूत शिरायचास. चार सुतकं पाळलीस.

त्या शनिवारी पाचवी वेळ होती. केरीवर आलो तेव्हा पडद्यावरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. तू नळीतून म्हणालास, "छातीत जळजळता रे."

मी म्हटलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"कालचा सुंगटांचा कालवण, उंड्याबरोबर."

"तेचाच असतला. तिराकोल इला बघ, वळ."

तू वळलास. नीट वळलास. किल्ला मागे पडला. मग पुन्हा आवाज आला, "जळजळ नाय, गुरुदास. कळ येता. डाव्या हातात उतरता."

त्या नळीतून तुझा आवाज नेहमीच चेपलेला यायचा. तू माझ्या पाठीमागे होतास, तुझं तोंड मला दिसत नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण खरं कारण ते नव्हे. मला वाटलं तू बहाणा करतोयस. पाचव्यांदा पडायच्या आधी पळवाट काढतोयस. मी हसलोसुद्धा. म्हटलं, "आधी उतर, मगे बघूया."

पहिल्यांदा तू उंच आलास. मी म्हटलं, परत फिर. दुसऱ्यांदा पुन्हा उंच. पुन्हा म्हटलं, परत फिर. आणि ह्या सगळ्या वेळात मी काय करत होतो ते सरपंचांना माहीत नाही. मी माझे दोन्ही हात डोक्यावर धरले होते. दांडीला माझा हात नाही हे तुला मागून दिसावं म्हणून. मास्तरानं मदत केली असं तू उद्या म्हणू नयेस म्हणून. 'घेतलंय', एवढा एक शब्द बोलायचा होता. नाहीतर त्या उपटलेल्या बटणाच्या भोकात बोट घालायचं होतं. खालचं रबर दाबलं असतं तरी विमान थांबलं असतं. तुला माहीत होतं. मला माहीत होतं.

तिसऱ्यांदा तू विमान कुशीवर घातलंस. आयुष्यात पहिल्यांदा. एक पंख खाली, नाक तिरकं, आणि धावपट्टीच्या तोंडाशी सरळ करून अलगद टेकवलंस. दहा सेहेचाळीस. मी 'शाब्बास रे!' म्हणून ओरडलो आणि मागे वळलो. तेव्हा तुझं तोंड पाहिलं. कानटोपीतून घाम गळत होता आणि ओठांचा रंग गेला होता. तू नरसाळं बाजूला ठेवून म्हणालास, "पाणी दी."

शेजाऱ्याच्या व्हॅनमधून तुला म्हापशाला नेलं. वयनी पुढे, मी मागे तुझं डोकं मांडीवर घेऊन. तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "दुखायला कधी लागलं?" वयनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "उतरताना. व्हॅनमध्ये घालायच्या पाचच मिनिटं आधी." त्यानं लिहून घेतलं. तेव्हा तू जिवंत होतास, रमाकांत. आणखी चाळीस मिनिटं जिवंत होतास. त्या उत्तरानं काही फरक पडला की नाही, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. सव्वीस मिनिटं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही काय करत होता? तो मला नको होता. माझा मित्र टेबलावर पडला होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

बाहेर लोक जमले. कुणीतरी विचारलं, कसं झालं? आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कळ आली तरी विमान उतरवलं, मग कोसळला." बोलताना माझा आवाज भरून आला होता. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर आला. तो बघून मला बरं वाटलं! त्या बरं वाटण्याची मला इतकी घाण वाटते की परवा जेवताना ताटावरून उठलो. दहाव्याला गोष्ट गावभर झाली होती. बाराव्यापर्यंत तिला हेल्मेट चढलं.

तुझाही राग येतो मला. खोटं कशाला सांगू, तुझीही किळस येते. तू का नाही उठलास? कुणाच्या बापाचं विमान होतं ते? एका बेकार मेकॅनिकनं लाकडांच्या खोलीत बसून केलेला नियम, त्याच्यासाठी माणूस छातीत कळ घेऊन दोन फेऱ्या मारतो? मोडायचा होतास. नरसाळं माझ्या टाळक्यात घालायचं होतंस आणि बाहेर पडायचं होतंस. मी दोन दिवस फुगून बसलो असतो आणि बुधवारी परत आलो असतो. तुला ठाऊक होतं मी येणार. मग इतकं आज्ञाधारक कशाला राहायचं? ह्या तुझ्या सरळपणाला लोक आता निष्ठा म्हणतायत. मला त्यात फक्त माझा धाक दिसतो.

चिटणीसांना हवं ते माझ्याकडे नाही. तुला उतरल्यावर मरण आलं नाही. तुला उतरेपर्यंत थांबवून ठेवलं, आणि ते मी केलं.

इथवर लिहून झालं. हे छापायला देण्याआधी वयनीनं ऐकलं पाहिजे, एवढी लाज शिल्लक होती. काल सकाळी कागद घेऊन हळर्णला गेलो. ती पडवीत आमसुलांसाठी भिरंडाची सोलां उन्हात सारत बसली होती. बोटं लाल झालेली. मला बघून म्हणाली, "बसा, भाऊ. च्या करतंय." मी म्हटलं, च्या नको, हे ऐका. आणि वाचायला लागलो.

हेल्मेटाच्या वेळी तिच्या तोंडावर किंचित हसू आलं. पोदेराच्या वेळी म्हणाली, "चार उंडे हाडलेले, दोन कुत्र्याक घातले." सोलां सारायचं चालू होतं. केरीपाशी आल्यावर तिचा हात मंद झाला. दहा सेहेचाळीस वाचलं तेव्हा थांबला. पुढचं सगळं तिनं सुपाकडे बघत ऐकलं. मी कागद खाली ठेवले.

"पाच नाय?" तिनं विचारलं.

"नाय वयनी. सव्वीस."

"मी सगळ्यांका पाच सांगलंय." तिचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या भैणीक सांगलंय. देवाक सांगलंय, एकट्याक पाचच मिनटां कळ काढूक लायलंस, चडसो त्रास दिलंस नाय, बरा केलंस. रोज वात लावताना सांगतंय."

रमाकांत, ती ह्या पाचावर दिवस काढत होती हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझी घाण धुवायला आलो होतो आणि तिच्या हातात होतं तेवढंही काढून घेतलं.

"मी खय होतंय तेव्हा?"

"मागल्या दारी. सोलां घालीत होतात."

"म्हणजे पंधरा पावलां."

"हां."

तिनं सुपातलं एक सोल उचललं, पुन्हा ठेवलं. "सव्वीस मिनटां म्हणजे खूप वेळ, भाऊ. तो काय गप रवलो नसतलो. आनी काय बोललो तो?"

मला वाटलं होतं की मी सगळं लिहिलंय. लिहिताना मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही असं मलाच पटलं होतं. आणि तिनं विचारल्यावर कळलं, एक गोष्ट मी ह्या कागदांतूनही बाहेर ठेवली होती. खोटं बोलायला वेळ होता. बोललो नाही.

"दुसऱ्यांदा परत फिरलो तेव्हा तो बोललो, शालनीक हाक मार."

"माका?"

"तुमका."

"आनी तुमी?"

"मी म्हटलं, उतरल्यार मारतंय."

ती रडली नाही. सूप उचललं आणि आत गेली. मी बसून राहिलो. आत भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. तुझ्या घरावरून एक विमान मोपाकडे उतरत गेलं. बऱ्याच वेळानं मी चपला घातल्या आणि निघालो. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा ती पडवीच्या पायरीवर येऊन उभी होती.

"भाऊ! ता तुमच्या कागदात नाय. तो हाक मार म्हणालो ता."

"नाय, वयनी."

"घाला. तो जसा बोललो तसा घाला. तुमी काय म्हणालात, ताय घाला. सगळ्यांका वाचूंदे."

मी मान हलवली. विचारलं, छापून आल्यावर एक प्रत आणून देऊ?

"पोस्टान धाडा," ती म्हणाली. "तुमी येव नकात."

घातलं आहे, रमाकांत. चिटणीसांनाही सांगून ठेवलं आहे, हळर्णची प्रत टपालानं जाऊ द्या.